ठकीच्या स्मरणार्थ एक डोणी

आमची मांजर ठकी गेली ती आषाढातल्या एका शुक्रवारी, पहाटे साडेतीनच्या सुमारास. १४ वर्षांची होती. मूत्रपिंडं थकली होती, शेवटचे दोन महिने तिला कातडीखाली सलाइन देत होतो. ती जाणार हे कळलेलं होतं. उजाडल्यावर तिला न्यायचं कुठे, हे मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आईच्या काळी हा प्रश्न पडत नसे. आमची चाळ गिरगावातली. मागच्या भिंतीला लागून मातीचा एक पट्टा होता, त्यात एक प्राजक्त आणि दोन केळी. चाळीतलं मांजर मेलं की वरच्या मजल्यावरचा एखादा थोरला मुलगा खड्डा खणायचा, कुणीतरी मूठभर खडेमीठ आणून द्यायचं, वर जड दगड ठेवायचा म्हणजे कुत्री उकरत नाहीत. आम्ही पोरं प्राजक्ताची फुलं वाहायचो. दुपारपर्यंत सगळं आटोपलेलं असे. त्या पट्ट्यावर आता पेव्हर ब्लॉक आहेत आणि त्यांवर सहा स्कूटर उभ्या असतात. मुंबईत जागा नाही असं आपण म्हणतो. मांजरापुरती जागा आजही निघेल, पण खणता येईल अशी उघडी माती उरलेली नाही. चाळ, सोसायटी, टॉवर, कुठेही बघा. पुरायचं म्हटलं तर आधी फरशी फोडावी लागेल.

त्या सकाळी मला तीन सल्ले मिळाले. दवाखान्यातला मुलगा म्हणाला, काळ्या पिशवीत घालून द्या, कचऱ्याच्या गाडीत जाईल. तो दुष्टपणे बोलला नाही, रोज जे सांगतो तेच त्याने सांगितलं. शेजारचे काका म्हणाले, चौपाटीवर नेऊन ओहोटीला सोड. तिसरा सल्ला रेल्वेच्या रुळाकडेला ठेवण्याचा होता. तिन्ही सल्ले देणारी माणसं चांगली आहेत. ठकी त्यांच्या दारात झोपायची. तरी त्यांच्याकडे द्यायला याहून बरं काही नव्हतं, आणि मला लिहावंसं वाटलं ते यामुळेच.

शेवटी मी तिला मालाडला नेलं. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये तिथे छोट्या प्राण्यांसाठी पाइपच्या गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली आहे, आणि तिथे पैसे घेत नाहीत. देवगड हापूसचं एक रिकामं खोकं घरात होतं. त्यात तिच्या गोधडीचा तुकडा अंथरला, दोन्ही बाजूंना बर्फाच्या पिशव्या लावल्या. दोन टॅक्सीवाले खोक्यात काय आहे ते ऐकून निघून गेले, तिसऱ्याने काही न विचारता दार उघडलं. गिरगावातून मालाडपर्यंत भर पावसात दीड तास ते खोकं मांडीवर होतं. तिथलं काम शांतपणे झालं. परत येताना माझ्या हातात स्टीलचा एक छोटा डबा होता.

मला टॅक्सी परवडली, त्या दिवशी रजा मिळाली, मालाडची माहितीही होती. ज्याला यातलं एकही नाही त्याने काय करायचं? रात्रपाळीच्या वॉचमनजवळ झोपणारं मांजर, मच्छीबाजारातल्या ओट्याखालचं मांजर, भाड्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईचं मांजर, यांच्यासाठी ती काळी पिशवीच उरते. प्रत्येक विभागात नवी भट्टी बांधा, असं मी म्हणणार नाही. जागा, धुराडं, शेजाऱ्यांच्या हरकती यांत दहा वर्षं जातील. माझी मागणी फार लहान आहे. पालिकेच्या प्रत्येक प्रशासकीय विभागात एक शीतपेटी ठेवावी, आणि आठवड्यातून तीन दिवस या पेट्यांपाशी थांबत मालाडला जाणारी एक गाडी असावी. मुंबईच्या हवेत मृत शरीर काही तासांत खराब व्हायला लागतं, त्यामुळे खरी अडचण आग मिळण्याची नाही, तोवर शरीर नीट ठेवण्याची आहे.

हा हळवेपणाचा विषय वाटत असेल तर आरोग्याच्या बाजूने बघू. मांजरांच्या पिल्लांना पटापट नेणारा पॅनल्यूकोपेनिया नावाचा रोग आहे. त्याचा विषाणू मांजराच्या शरीराबाहेर महिनोन्महिने तग धरतो. असं पिल्लू उघड्या कचऱ्यावर टाकलं तर गल्लीतल्या पुढच्या वेतापर्यंत रोग पोचतो. दुसरी गोष्ट दयामरणाची. त्यासाठी वापरलं जाणारं पेंटोबार्बिटल शरीरात तसंच राहतं, आणि असं मृत शरीर कुत्र्याने किंवा घारीने खाल्लं तर तेही विषबाधेने मरू शकतात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पुरलेलं शरीर धड मातीत मिसळतही नाही. हे सगळं निस्तरायला एका शीतपेटीपेक्षा जास्त खर्च येत असणार.

स्मारकाचा प्रश्न यानंतरचा. त्याआधी भाषेविषयी थोडं, कारण आपली पंचाईत तिथूनच सुरू होते. मराठीत माणूस वारतो, जातो, देवाघरी जातो, जनावर मरतं. मी ऑफिसात ‘ठकी गेली’ म्हटलं तेव्हा दोघांनी ‘कोण तुमच्या?’ असं विचारलं, आणि मांजर म्हटल्यावर त्यांचे चेहरे सैल झाले. ‘मेली’ म्हटलं असतं तर त्यांना सोयीचं गेलं असतं. १४ वर्षं जिला ‘ती’ म्हणत आलो ती एका सकाळी ‘ते मांजर’ होते. सुतक नाही, दहावा नाही, भेटायला येणं नाही. पितृपक्षात आपण गाईला, कावळ्याला, कुत्र्याला, मुंगीला घास काढून ठेवतो, त्यात मांजराचं पान नाही. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं मात्र लहानपणापासून ऐकत आलो. म्हणजे मारण्याचं प्रायश्चित्त परंपरेत आहे, गमावण्याचा विधी नाही. तो आता आपल्यालाच घालून द्यावा लागेल, आणि तसा घालून देण्यात मला काही वावगं दिसत नाही.

प्राण्यांच्या समाध्या काही आपल्याला नव्या नाहीत. जुन्नर तालुक्यातल्या आळे गावात, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आहे, चैत्रात तिथे यात्रा भरते. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. (रायगडावरच्या वाघ्याचा वाद इतिहासाच्या पुराव्यांचा आहे, तो इथे मिसळायला नको.) पण रेड्याला संतांचा स्पर्श झाला होता आणि खंड्याला छत्रपतींचा लळा होता. कुणाचीच नसलेली, काहीच पराक्रम न केलेली, फक्त होती एवढंच जिच्याबद्दल सांगता येईल अशी मांजर आपल्या स्मारकांत बसत नाही.

सध्या घरोघरी जे होतं ते मी पाहिलं आहे. भिंतीवर तसबीर, मातीत उमटवलेला पंजाचा ठसा, राख घातलेलं लॉकेट, मनगटावर गोंदवलेलं नाव. यातलं काहीही मला हास्यास्पद वाटत नाही. ठकीच्या गळ्यातली घुंगरं माझ्या टेबलाच्या खणात आहेत आणि तो खण मी हळू उघडते. एका गोष्टीबद्दल मात्र सावध करते. तसबिरीपाशी लिलीची फुलं ठेवू नका. घरात दुसरं मांजर असेल तर लिलीचं पान, फूल, फुलदाणीतलं पाणी, अंगावर पडलेले परागकणसुद्धा त्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. झेंडू, मोगरा, प्राजक्त वाहा. राख कुंडीत घालायची असेल तर एकदम सगळी एका झाडाला घालू नका. ती खारी आणि अल्कधर्मी असते, मुळं जळतात. बऱ्याच मातीत चिमूट चिमूट मिसळा.

गेलेलं मांजर परत मिळवण्याचाही एक मार्ग आता विकत मिळतो. अमेरिकेत टेक्सासला २००१ च्या डिसेंबरात सीसी नावाची पहिली क्लोन मांजर जन्मली. जिच्या पेशीपासून ती घडवली ती रेनबो तीनरंगी होती. सीसी मात्र पट्ट्यापट्ट्यांची आणि पांढरी निघाली. तीनरंगी मांजरीचे ठिपके कुठे पडायचे हे गर्भात ठरतं. प्रत्येक पेशीतल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बंद पडतं, कोणतं ते योगायोगाने. आमची ठकी तीनरंगी होती, डाव्या डोळ्यावर काळा ठिपका आणि उजव्या कानाला नारिंगी झाक. तो ठिपका पुन्हा तिथेच पडणार नाही, हे वाचल्यावर मला का कोण जाणे, बरं वाटलं.

प्राचीन इजिप्तमध्ये घरातलं मांजर मेलं की घरची माणसं भुवया काढत, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवलं आहे. तिथे मांजरांच्या ममी करून पुरल्या जात. बेनी हसनजवळ सापडलेल्या अशा सुमारे १ लाख ८० हजार ममी जहाजाने लिव्हरपूलला गेल्या आणि १८९० मध्ये तिथे खत म्हणून लिलावात विकल्या गेल्या. देह टिकवून आठवण टिकवायची तर ती अशी परक्यांच्या हाती जाते.

घरातल्या स्मारकांबद्दल माझी खरी तक्रार वेगळीच आहे. ठकी आमची एकट्यांची नव्हती. चाळीतलं मांजर कुणा एकाचं नसतंच. सकाळचं दूध आमच्याकडे, दुपारची झोप पहिल्या मजल्यावरच्या आजींच्या शिवणयंत्रावर, संध्याकाळी जिन्याखाली. आजी तिला चिंगी म्हणत. तळमजल्यावरची मुलं तिला मॅडम म्हणत. आमच्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार टोपली घेऊन येणाऱ्या मावशी तिला ‘बाय’ म्हणत. ती गेली त्या शुक्रवारीही मावशी आल्या. पावसाळी मासेमारीची बंदी चालू होती, टोपलीत सुकटच होती. दाराशी बसलेलं मांजर दिसलं नाही तेव्हा त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांनी टोपली खाली ठेवली, एक सुका बोंबील काढला आणि ठकी जिथे बसायची त्या पायरीवर ठेवून गेल्या. तोवर मी रडले नव्हते. मग अशा मांजराची आठवण एकट्या माझ्या हॉलच्या भिंतीवर टांगायची, यावर माझा काय हक्क?

इस्तंबूलच्या लोकांनी हे ओळखलं. झिवरबे भागातल्या एका गल्लीत टोंबिली नावाची लठ्ठ मांजर पायरीवर कोपर टेकून बसायची. २०१६ मध्ये ती गेली तेव्हा लोकांच्या मागणीवरून तिथल्या पालिकेने ४ ऑक्टोबरला, जागतिक प्राणी दिनी, त्याच पायरीवर त्याच बैठकीतला तिचा ब्राँझचा पुतळा बसवला. महिन्याभरानंतर तो चोरीला गेला, बोंब झाली आणि परत आला. गल्लीच्या मांजराचं स्मारक गल्लीतच, ही गोष्ट मला पटते. पुतळा मात्र मला नको. मुंबईत पुतळ्यांचं काय होतं हे आपण जाणतो: जयंतीला हार, एरवी कावळे.

आपल्याकडे त्याहून चांगली रीत आहे. देवळातल्या पंख्याच्या पात्यावर, बागेतल्या बाकावर, शाळेच्या पिंपावर एक शब्द रंगवलेला असतो: स्मरणार्थ. गेलेल्या माणसाच्या नावाने इतरांना वारा, बसायला जागा, प्यायला पाणी. मुंबईत तर याची सुरेख दगडी उदाहरणं आहेत. फोर्टात मिंट रोडवर रतनसी मुळजी जेठा यांनी आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या, धरमसीच्या स्मरणार्थ १८९४ मध्ये बांधलेलं कारंजं आहे. व्हीटीचा वास्तुकार फ्रेडरिक स्टीव्हन्स याने ते रचलं. वर छत्रीखाली पुस्तक घेतलेला मुलगा, खाली पाणी. मुंबईच्या अशा कित्येक जुन्या पाणपोयांना, प्याऊंना, माणसांच्या तोटीखाली जनावरांसाठी डोणी, म्हणजे पाण्याचं दगडी कुंड असे. बैल, घोडे, कुत्री, पाखरं, सगळी तिथे पीत. मुलगा गमावलेल्या बापाच्या दुःखात जनावराच्या तहानेलाही जागा होती. आज बैल-घोडे गेले, डोण्या कोरड्या पडल्या किंवा पानाच्या पिचकाऱ्यांनी भरल्या.

म्हणून माझं म्हणणं असं, की मुंबईतल्या मांजराचं स्मारक म्हणजे एक दगडी डोणी. जमिनीलगत, वीतभर रुंद, चार बोटं खोल, चाळीच्या किंवा सोसायटीच्या आवारात, सगळ्यांना दिसेल अशी. काठावर लहान अक्षरांत: अमकीच्या स्मरणार्थ. पेव्हर ब्लॉक काढावा लागेल तो एकच.

हे कमिटीपुढे मांडलं तेव्हा लगेच कबुतरखान्याचा विषय निघाला, आणि तो निघायलाच हवा होता. २०२५ च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, केवढा गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयात होतं. ज्यांच्या घरात दम्याचे रुग्ण आहेत त्यांची बाजू मला समजते. पोतंभर दाणे ओतून पुण्य घेऊन जायचं आणि विष्ठा शेजाऱ्यांच्या छातीत सोडायची, ही दया मला मान्य नाही. मांजरांच्या बाबतीतही तेच होतं. कागदावर भात आणि मासळीची डोकी टाकून माणूस ऑफिसला जातो, दुपारी मुंग्या, रात्री घुशी. अशा अन्नदानाला कृपा करून कुणाच्या मांजराचं नाव देऊ नका.

पाण्यालाही शिस्त लागतेच. डेंग्यू पसरवणारा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत तिथून नवा डास उडतो. पावसाळ्यात पालिकेचे कर्मचारी कुंड्यांखालच्या बशासुद्धा तपासतात ते यासाठीच. डोणी रोज उपडी करून, घासून, पुन्हा भरली तरच ती स्मारक. म्हणून मी कमिटीला दिलेल्या अर्जात सात घरांची नावं आणि त्यांचे वार लिहिले आहेत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी वस्तीतल्या प्राण्यांच्या खाण्याची व्यवस्था रहिवासी संघटनांवर सोपवलेली आहेच, तेव्हा कमिटीने हात झटकायचं कारण नाही. ‘माणसांना पाणी पुरत नाही’ असंही एक गृहस्थ म्हणाले. डोणीत दीड लिटर पाणी मावतं. आमच्या आवारात गाड्या रोज पाइपने धुतल्या जातात, ते पाणी कुणी मोजलेलं नाही.

डोणीसोबत दुसरं एक काम जोडावं असं मला वाटतं, आणि खरं सांगायचं तर ते डोणीहून मोठं आहे. मांजरीचा गर्भकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा, आणि ती सहा महिन्यांची व्हायच्या आतही गाभण राहू शकते. वर्षाला दोन-तीन वेतं सहज होतात. त्यातली किती पिल्लं गाडीखाली जातात, किती पावसात गारठतात, हे गल्लीत राहणाऱ्याला सांगायला नको. गेलेल्या मांजराच्या नावाने दरवर्षी आपल्या गल्लीतल्या दोन मांजरींची नसबंदी करून आणा. शस्त्रक्रिया झालेल्या मांजरीच्या कानाचं टोक किंचित कापतात, खूण म्हणून, म्हणजे तिला पुन्हा कुणी पकडून नेत नाही. तसबिरीवर वर्षाला जेवढे हार चढतात तेवढ्या पैशांत हे होत नाही, जास्त लागतात. पण चाळीत वर्गणी काढण्याची आपल्याला सवय आहे. गणपतीला निघते, पूजेला निघते, यालाही निघेल. जन्मभर कुणाकडे काही न मागता दारात बसून राहिलेल्या जिवासाठी घरटी शंभर रुपये काढणं आपल्याला जड जाऊ नये.

‘दुसरं आण, विसरशील,’ असंही पुष्कळांनी सांगितलं. आणीन कदाचित. पण विसरण्यासाठी नाही आणणार, आणि श्रावण संपेपर्यंत तर नाहीच. सुतक कुणी घालून दिलं नाही म्हणून ते पाळायचं नाही असं थोडंच आहे.

राखेचा डबा अजून कपाटात आहे. डोणीच्या खाली, दगड बसवण्याआधी, ती मातीत मिसळायची असं आजींच्या आणि माझ्यात ठरलं आहे. एक ब्लॉक उचलला की खाली तीच जुनी प्राजक्ताची माती असणार. कमिटीची बैठक येत्या रविवारी आहे. सेक्रेटरींचा विरोध मावळला आहे, त्यांची मुलगी सातांपैकी गुरुवारचा वार मागते आहे. काठावर नाव कोणतं घालायचं यावर मात्र अडलं आहे. मुलांना मॅडम हवं, आजी चिंगीवर ठाम, माझ्या तोंडी ठकी. परवा टोपली उतरवताना मावशींनी हे सगळं ऐकून घेतलं.

‘नाव नको गो घालू,’ त्या म्हणाल्या. ‘पंजा काढ एक. ज्याला जी आठवते, ती त्याची.’